केस गळले नाहीत म्हणून

आमच्या लाँड्रीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे डागबाई. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पांढरे कोट, लोकांचे ठेवणीतले कपडे, सगळं आमच्याकडे यायचं. त्यातलं जे नुसत्या धुण्यानं निघायचं नाही ते तिच्या टेबलावर जायचं. शेजारी वाफेच्या इस्त्रीवर मी. अकरा वर्षं आम्ही दोघी हाताच्या अंतरावर उभ्या होतो, त्यामुळे हे जे सांगतेय ते ऐकीव नाही. त्यातलं थोडं माझ्या तोंडचंही आहे, ते येईलच.

ताई तेव्हा चौपन्न वर्षांची. उंच, हाडापेरानं मजबूत, बिनलग्नाची. कापड उजेडाकडे धरायची, डाग हुंगायची, नखानं जरा खरवडायची आणि निकाल द्यायची. एकदा एका हॉटेलचा मॅनेजर भांडायला आला की तुमच्या मशीनच्या तेलानं आमची उशी खराब झाली. ताई म्हणाली, "हे तेल नाही, केसांचा कलप आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला विचारा, नाहीतर आरशात बघा." मॅनेजरचे केस शाईसारखे काळे होते. तो गुपचूप उशी घेऊन गेला. तेव्हापासून तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आम्हीही तसंच मानायचो, आणि तीही मानायला लागली होती.

तिला एक धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ताई एकोणीसची आणि धाकटी नऊची. ताईनं तिला वाढवलं, शिकवलं, तिच्या वेण्या घातल्या. धाकटीचे केस कमरेखाली. मोठी झाल्यावर ती एका चष्म्याच्या दुकानात लागली. फ्रेम गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसवून देणं हे तिचं काम. दोघी एकाच घरात राहायच्या, रात्रीचं जेवण एकत्र, सुट्टीत एकत्र. हे असंच आयुष्यभर चालेल अशी ताईची समजूत. आणि अडतिसाव्या वर्षी धाकटीनं लग्न ठरवलं. नवरा पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. वाचायचा चष्मा करायला आला होता. मग एकाच आठवड्यात तीनदा तोच स्क्रू आवळून घ्यायला आला.

ताईला तो आवडला नाही. पंचवीस वर्षं प्रेसच्या दणदणाटात काढून त्याचे कान गेले होते, त्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं आणि तो बोलायचा मोठ्यानं. "चहा छान झालाय" एवढं म्हणाला तरी फळीवरचे कप हलायचे. ताईनं त्याचं नाव भोंगा ठेवलं. त्याला सासू नव्हती, पण आकडसासूनं, म्हणजे बायकोच्या या थोरल्या बहिणीनं, ती उणीव भरून काढली. त्यानं आणलेलं फळ आंबट निघायचं, त्यानं ठोकलेला खिळा वाकडा असायचा. धाकटी हसून सोडून द्यायची.

लग्नाला सहा वर्षं झाली. त्या वर्षी उन्हाळ्यात एका रविवारी धाकटी ताईकडे आली ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. भांडी धुताना बाही वर सरकली आणि दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. त्याच्या खाली दुसरा, पिवळट पडत चाललेला.

"हे काय गं?"

"आपटलं असेल कुठेतरी."

"कुठे?"

"नाही आठवत, ताई. थकलेय हल्ली. कशाला तरी धडकत असेन."

गुरुवारी धाकटीच्या घरचे कपडे यायचे. त्यांच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून ताई आमच्या इथे धुवून द्यायची. त्यातल्या दोन अभ्र्यांवर रक्ताचे डाग होते. मोठे नाहीत, पण बरेच, आणि निरनिराळ्या दिवसांचे. ताईनं ते माझ्यापुढे पसरले. "ती म्हणते, दात घासताना हिरड्यांतून येतं. तुला खरं वाटतं?"

आणि मी, हातातली इस्त्री न थांबवता, म्हणाले, "कुठे आपटलं ते आठवत नाही, असं फक्त मार खाणारी बाई म्हणते. माझ्या मावशीनं वीस वर्षं हेच सांगितलं."

ते वाक्य मी बोलले. मला धाकटीचं काही माहीत नव्हतं. त्या माणसाला मी दोनदा लांबून पाहिलं होतं. पण मावशीची गोष्ट खरी होती, आणि एक खरी गोष्ट हाताशी असली की माणूस ती कुठेही चिकटवतं.

शुक्रवारी कामावरून सुटून ताई थेट त्यांच्या इमारतीत गेली. तो जिन्यात भेटला, हातात औषधाच्या दुकानातली पिशवी. ताईनं त्याला तिथेच गाठलं आणि पहिल्याच वेळी ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लाज नाही वाटत बायकोवर हात उचलायला?"

जिन्यात वरखाली दारं उघडली. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग म्हणाला, "मी? अहो, मी तर चार दिवस तिच्या मागे लागलोय की डॉक्टरकडे चल. सोमवारची वेळ घेतलीय रक्त तपासायची."

"स्वतःच मारायचं आणि स्वतःच डॉक्टरकडे न्यायचं?"

वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "पोलिसांत द्या त्याला." ताईनं वर जाऊन धाकटीचे चार कपडे पिशवीत भरले आणि तिला हाताला धरून खाली आणलं. धाकटी म्हणत होती, "ताई, अगं, त्यानं बोटसुद्धा लावलेलं नाही." पण तिच्यात हात सोडवून घ्यायचीही ताकद नव्हती. आणि ताईनं तेही माराच्या खात्यात टाकलं.

पाच दिवस धाकटी ताईकडे होती. सोमवारी सकाळी तो आला, दार वाजवलं. ताईनं उघडलं नाही. तो बाहेरून ओरडत होता, "तपासणी आहे आज! तेवढी करून आणा, मग मला वाटेल ते बोला!" शेजारी ऐकत होते, आणि ताईला वाटलं, बघा म्हणावं कसा ओरडतो. शेवटी त्यानं तपासणीची चिठ्ठी दाराखालून सरकवली आणि गेला. ताईनं चिठ्ठी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. धाकटी आतल्या खोलीत झोपली होती. ताई मला म्हणाली, "झोपू दे पोटभर. सहा वर्षांची झोप राहिलीय तिची." मीसुद्धा मान हलवली.

बुधवारी सकाळी धाकटी अंघोळ करून निघाली तेव्हा तिच्या मांडीवर नवा डाग होता, जांभळा, ताजा. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके, शेकड्यांनी. आदल्या रात्री यातलं काही नव्हतं. त्या घरात ताई सोडून कुणी नव्हतं.

ताई मला नंतर म्हणाली, "तो डाग बघून पहिल्यांदा काय आलं मनात, सांगू? हा इथे आला कधी मारायला? एवढं माझं डोकं फिरलेलं." मग धाकटीच्या नाकातून रक्त यायला लागलं, आणि दोन टॉवेल भिजले तरी ते थांबेना.

टॅक्सीतून तिनं मला फोन केला. "त्याला कळव," एवढंच बोलली. स्वतः फोन करायचं धाडस तिला झालं नाही. मी कारखान्यात फोन लावला, फोरमननं निरोप दिला. तो अंगावर कामाचेच कपडे, हाताला ग्रीस, असा हॉस्पिटलात पोचला.

दुपारी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. डॉक्टर म्हणजे एक किरकोळ अंगाची बाई, पण बोलणं तोललेलं. त्यांनी सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे, झपाट्यानं वाढणारा, आणि त्यातलाही क्वचित दिसणारा प्रकार. यात रक्त गोठायची यंत्रणाच बिघडते, म्हणून न लागता डाग पडतात, हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. सगळ्यात धोका पहिल्या काही दिवसांत, कारण मेंदूत रक्तस्राव झाला तर हातात काही राहत नाही. ते दिवस निभावले तर मात्र बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात. सगळे रिपोर्ट यायला वेळ लागेल, पण वाट बघत बसणार नाही, औषध आजच सुरू करतोय.

मग त्यांनी कागद पुढे ओढला. "डाग कधीपासून आहेत?"

"तीन आठवडे," तो म्हणाला.

"तीन आठवडे! मग रक्त का तपासलं नाही?"

ताई सांगत होती, "त्या क्षणाला मला वाटलं, आता हा बोलणार. बोलावं त्यानं. मी खाली मान घालून वाट बघत होते." त्यानं हाताचं ग्रीस रुमालाला पुसलं. मग म्हणाला, "सोमवारची वेळ घेतली होती. आमच्याकडून राहिलं."

आमच्याकडून. त्या एका शब्दानं तिला जे झालं ते त्यानं तिच्या थोबाडीत मारून झालं नसतं. दुसऱ्या दिवशी कामावर आली तेव्हा मला म्हणाली, "ते असं म्हणाले." सहा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या तोंडून त्याच्यासाठी 'ते' ऐकलं. मीही तेव्हापासून तेच म्हणते.

इलाज सुरू झाला तो ताईच्या कल्पनेतला नव्हताच. तिला वाटलं होतं, कॅन्सर म्हणजे जबर औषधं, उलट्या, टक्कल. इथे रोज आठ कॅप्सूल, निम्म्या सकाळी, निम्म्या संध्याकाळी, आणि दिवसातून एकदा दोन तासांचं सलाईन. कॅप्सूल अ जीवनसत्त्वाच्या नात्यातल्या, आणि सलाईनमध्ये काय, तर सोमल.

"सोमल?" ताई किंचाळलीच. "उंदीर मारायचं?"

"तेच," डॉक्टर म्हणाल्या. "मोजून दिलं तर औषध. म्हणून तर रोज हृदयाचा आलेख काढतो आणि रक्तातले क्षार बघतो."

ताईनं विचारलं, याहून कडक काही नाही का? मोठा आजार आणि असं लहान मुलांसारखं औषध? डॉक्टरांना हा प्रश्न नवीन नसावा. त्या म्हणाल्या, "पूर्वी यालाही आम्ही जबर केमो द्यायचो. माणसं आजारातून वाचायची आणि औषधानं जायची. यांच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नाहीत, म्हणून यांना ती लागणार नाही. या आजारात पेशी वाढायच्या अर्ध्यावरच थांबतात आणि कोवळ्याच रक्तात गर्दी करतात. ही औषधं त्यांना पुरतं वाढायला लावतात. वाढल्या की आपल्या मरणानं मरतात. सौम्य आहे म्हणजे कमी आहे, असं समजू नका."

"म्हणजे नशीब चांगलं म्हणायचं?"

"दहा दिवसांनी विचारा."

दहा दिवसांनी उत्तर वेगळंच मिळालं. धाकटीचा चेहरा भरला होता. ताई रोज संध्याकाळी जाऊन बघायची आणि मला सांगायची, "अंगावर मांस धरलंय गं तिनं." पण धाकटीजवळ सकाळी ते असायचे. रात्रपाळी मागून घेतली होती त्यांनी, सकाळी कारखान्यातून सुटले की थेट वॉर्डात. त्यांना ऐकू कमी यायचं म्हणून असेल, ते बघायचे फार. वजनाच्या तक्त्यावर एका दिवसात दोन किलो वाढलेले त्यांनी पाहिले, घोटे सुजलेले पाहिले, बोलताना ती मध्येच श्वास घेते हे पाहिलं, आणि नर्सला हाताला धरून खाटेपाशी आणलं. ते औषधाचंच उलटलेलं रूप होतं. एकदम वाढलेल्या पेशी अंगभर गोंधळ घालतात, फुप्फुसांत पाणी धरतं. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवल्या, दुसरं इंजेक्शन सुरू केलं. चार दिवस ऑक्सिजन लावला होता. मग ताप उतरला, सूज उतरली, आणि कॅप्सूल परत सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, यांनी आणखी एक दिवस उशीर केला असता तर अवघड होतं.

यांनी. ताई तिथेच उभी होती.

तिसऱ्या आठवड्यात तिनं ठरवलं की माफी मागायची. वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात बाकं होती, तिथे ते बसले होते, डबा उघडून. आजूबाजूला पेशंटांची माणसं. ताई शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी तुमच्याशी फार वाईट वागले."

"काय?"

"वाईट वागले मी."

"कोण आलंय?"

"मी चुकले!" ताई ओरडली. "मी तुमच्यावर खोटा आळ घेतला! मला माफ करा!"

वीसएक माणसं बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्यांच्या मानानं अगदी हळू म्हणाले, "ओरडू नका. पेशंट झोपलेत."

ताईला वाटलं, झालं. पण ते पुढे म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी मारलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. आमच्या जिन्यात बायका मला बघून दार लावतात."

पाच आठवड्यांनी धाकटी घरी आली. तपासणीत आजार दिसेनासा झाला होता, पण इलाज संपला नव्हता. आठवड्यातले पाच दिवस दोन तास हॉस्पिटलात जाऊन सलाईन घ्यायचं, चार आठवडे घ्यायचं, चार आठवडे सुट्टी, मग परत. असं आणखी सहासात महिने. तिचे ओठ फुटायचे, कातडी कोरडी पडायची, डोकं दुखायचं. पण ती चालतीबोलती होती. आणि वेणी होती तशीच कमरेखाली.

वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तरीण होती, वेगळ्या प्रकारच्या कॅन्सरची. तिला जबर औषध चालू होतं. डोक्यावर एक केस नाही, आणि पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. धाकटी केस विंचरायची तेव्हा लाजून मधला पडदा ओढून घ्यायची. एक दिवस पलीकडून मास्तरीण म्हणाली, "पडदा कशाला? विंचरा की. बघून बरं वाटतं." धाकटी ते सांगताना रडली होती. वाचल्याचीही लाज वाटते माणसाला.

धाकटी घरी आल्यावरच्या रविवारी सकाळी ताई त्यांच्या इमारतीत गेली. मला बरोबर नेलं. मी नाही म्हणू शकत नव्हते.

पहिल्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ. ताईनं सगळं सांगितलं. ते गोंधळून म्हणाले, "म्हणजे, ते बायकोला मारतात असं कुणी म्हणत होतं? आम्ही त्या महिन्यात मुलीकडे होतो." ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ताईनं ठाऊक करून दिलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची बाई लगेच म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते, माणूस देवासारखा आहे." पोलिसांत द्या, हा आवाज तिचाच होता. ताईनं तो ओळखला, पण बोलायला तिला तोंड नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या समोरचं दार. तिथे साठीच्या एक विधवा बाई राहायच्या, शांत, समजूतदार चेहऱ्याच्या. त्यांनी ताईचं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग विचारलं, "रक्ताचा कॅन्सर?"

"हो."

"बाई, मी परवाच तिला गॅलरीत पाहिलं. वेणी कमरेपर्यंत आहे. माझ्या जावेला कॅन्सर होता, पंधरा दिवसांत डोकं गुळगुळीत झालं होतं."

"याला तसं औषध लागत नाही," ताई म्हणाली. "सौम्य असतं. कॅप्सूल आणि सलाईन."

"कॅन्सरला सौम्य औषध?" बाईंनी ताईचा हात हातात घेतला. त्यांच्या आवाजात खरंच माया होती, तेच तर सगळ्यात वाईट. "तुम्हाला त्यानं पाठवलंय, हो ना? पढवून? घाबरू नका. आत या, पाणी घ्या. मी एका संस्थेचा नंबर देते, तिथे बायकांना आसरा मिळतो."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे. त्या बाई वाईट नव्हत्या. ताई आणि मी लाँड्रीत जे बोललो होतो तेच, त्याच चांगुलपणानं, त्या आम्हाला ऐकवत होत्या. ताई रिपोर्ट दाखवते म्हणाली. बाई म्हणाल्या, रिपोर्ट काय, कुणी पण बनवतं. ताईनं हात जोडले. बाईंनी ते हात खाली घेतले आणि नंबर लिहिलेला कागद तिच्या मुठीत दिला.

खाली रस्त्यावर येऊन आम्ही बसथांब्यावर बसलो. दोन बस गेल्या तरी उठलो नाही. ताई म्हणाली, "तुला एक सांगते, कुणाला सांगू नकोस. त्या बाई बोलत होत्या ना, तेव्हा मला वाटलं, हिचे केस गळायला हवे होते. थोडे तरी. लोकांची खात्री पटली असती." मग म्हणाली, "लहानपणी मी तेल लावायचे त्या केसांना. आणि माझी अब्रू राहावी म्हणून ते गळावेत असं मला वाटलं."

मग तिनं आणखी एक सांगितलं. "आणि मला ते खरं हवं होतं. मारतो हे. खरं असतं तर ती परत माझ्याकडे राहायला आली असती. ते पाच दिवस मी किती सुखात होते तुला माहीत नाही. ती आत मरत होती आणि मी दोघींचा चहा करत होते."

त्या दिवशी मी माझ्या वाक्याची आठवण काढली. म्हटलं, "मी नसते बोलले तर तू गेली नसतीस." ती म्हणाली, "गेलेच असते. मी तुला विचारलं तेच तू हो म्हणावंस म्हणून." हे तिनं मला मोकळं करायला म्हटलं की तसंच होतं, मला अजून कळलेलं नाही. त्यानं माझी सुटका झाली नाही एवढं खरं. धाकटीच्या नवऱ्याला मी ते आजपर्यंत सांगितलेलं नाही. एकदा हॉस्पिटलच्या दारात भेटले तेव्हा उलट तेच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही फोन केलात, फार उपकार झाले." मी हसून "त्यात काय" म्हटलं आणि बस पकडायच्या निमित्तानं पळाले.

त्यांनी ताईला माफ केलं का? बोलून तरी काही दाखवलं नाही. सलाईनच्या दिवशी त्यांना सुट्टी मिळायची नाही तेव्हा ते ताईला कळवायचे, ताई कामातून दोन तास मागून घेऊन धाकटीबरोबर जायची. माफ केलं नाही ते धाकटीनं. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण ती आजारी होती आणि आजारी माणसाला राग येतो हे आपण धरूनच चालत नाही.

शेवटच्या फेरीतल्या एका दुपारी, हातात सुई, वर सलाईन थेंबथेंब पडतंय, ती ताईला म्हणाली, "मी तुला किती वेळा सांगितलं होतं, त्यानं हात लावला नाही म्हणून? मोजलंस?"

"बऱ्याचदा."

"नऊ वेळा. मी पडल्या पडल्या मोजत होते. तो कानानं अधू आहे, पण मी काय म्हणते ते त्याला पहिल्यांदा ऐकू येतं. तुझे कान शाबूत, आणि नऊ वेळा सांगून तुझ्यापर्यंत पोचलं नाही. तू मला नऊ वर्षांचीच समजतेस अजून."

ताई म्हणाली, "चुकलं."

"हो, चुकलं. आता थोडे दिवस दर रविवारी येऊ नकोस. मी बोलवीन तेव्हा ये."

ताईनं ते ऐकलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच ऐकलं. तिनं रविवारी आमच्या लाँड्रीतली जादा पाळी मागून घेतली. टेबलावर उभी राहायची, पण निकाल द्यायचं तिनं सोडलं. कुणी विचारलं हा डाग कशाचा, तर म्हणायची, "माहीत नाही, करून बघते." नव्या मुलींना वाटायचं, बाईला काही येत नाही.

सलाईन संपली, कॅप्सूल संपल्या. अस्थिमज्जेची शेवटची तपासणी स्वच्छ आली. ते मला कळलं धाकटीच्या दुकानात, मी चष्म्याचा नंबर तपासायला गेले तेव्हा. ती परत कामावर रुजू झाली होती, माझ्या कानामागे दांडी बसवून बघत होती, आणि सहज म्हणाली, "झालं माझं. आता फक्त अधूनमधून रक्त तपासायचं." ताईला तिनं आठवडाभर आधी फोनवर सांगितलं होतं. ताईनं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "चांगली बातमी सांगत फिरायचा हक्क कुणाला असतो?"

पुढच्या वसंतात धाकटीनं आणि त्यांनी ती इमारत सोडली. समोरच्या बाई शेवटपर्यंत धाकटीशी फार मायेनं वागल्या, दर वेळी जिन्यात तिच्या दंडाकडे बघायच्या, आणि तिच्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. रोज त्या दारासमोरून जाणं दोघांना सोसेना. कारखान्याजवळ दोन खोल्या मिळाल्या. सामान हलवायच्या दोन दिवस आधी लाँड्रीतला फोन वाजला, ताईला बोलावणं होतं.

"शनिवारी घर बदलतोय," धाकटी म्हणाली. "येशील का?"

ताई गेली. सकाळपासून खोकी उचलली, फरशी पुसली, कपाटाचा एक कोपरा तिनं धरला आणि दुसरा त्यांनी, आणि ते चौथ्या मजल्यावर चढवलं. ते वरून सूचना देत होते आणि ती निमूट ऐकत होती. संध्याकाळी चहा झाला. धाकटीनं तिला थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ताई अर्धा तास बसली आणि उठली.

सोमवारी मी विचारलं, "कसं झालं?"

ती हातमोजे चढवत होती. म्हणाली, "स्वयंपाकघर लहान आहे. पण उजेड बरा येतो."